रविवारचे शेतकरी : नवस्वयंसेवकांसाठी मार्गदर्शिका

सोसायटीच्या गच्चीवर सामुदायिक परसबाग सुरू होत असल्याची सूचना लिफ्टशेजारच्या फळ्यावर लागली, की पहिले दोन दिवस नाव नोंदवू नये. पहिल्या दोन दिवसांत आलेल्या नावांची समिती होते. समितीच्या माणसाला पावत्या जपाव्या लागतात, कोकोपीटच्या विटांचे तीन ठिकाणचे भाव आणावे लागतात आणि वार्षिक सर्वसाधारण सभेत उभे राहून उत्तरे द्यावी लागतात. तिसऱ्या दिवसापासून नाव देणारे ते स्वयंसेवक. त्यांना फक्त भाजी पिकवायची असते, आणि कंटाळा आला की गावी जायचे असते.

नाव दिल्यावर बाग मुळात का सुरू होत आहे, हे समजून घ्यावे. सूचनेत 'विषमुक्त अन्न', 'मातीशी नाते', 'मुलांना निसर्गाची ओळख' असे काही लिहिलेले असते. ते वाचून पुढे जावे. खरी हकिकत अशी, की घनकचरा व्यवस्थापनाचे २०१६ चे नियम आले, मोठ्या गृहसंकुलांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा असे ठरले, यथावकाश नोटीस आली आणि पार्किंगच्या मागे दोन टाक्या बांधल्या गेल्या. काही महिन्यांनी त्यांतून खत निघू लागले. खत निघेल, अशी कोणाचीच कल्पना नव्हती. तळमजल्यावरच्या जास्वंदीला घालून घालून किती घालणार? तेव्हा खताला काहीतरी काम हवे म्हणून बाग. हे ज्ञान मिळाले तरी स्वतःपाशीच ठेवावे.

पुढची तयारी वाचनाची. बागेत वजन पडायचे असेल तर दोन-तीन नावे ओठांवर हवीत. पहिले श्री. अ. दाभोळकर. कोल्हापूरचे हे गणिताचे प्राध्यापक. 'प्रयोग परिवार' उभा करून त्यांनी शेतकऱ्यांना स्वतःच प्रयोग करून एकमेकांना शिकवायला लावले. दहा गुंठ्यांत पाच माणसांचे कुटुंब नीट जगू शकते, हे त्यांचे मांडलेले गणित. नवस्वयंसेवकाने ते पहिल्याच बैठकीत सांगावे, पण पुढचा भागाकार करू नये. दहा गुंठे म्हणजे १०,८९० चौरस फूट. गच्चीतून पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली, सोलरच्या पट्ट्या, डिशच्या छत्र्या आणि गणपतीच्या मांडवाचे बांबू वजा केले तर उरतात सहाशे फूट. कुटुंबे चोवीस. चोवीस कुटुंबांना या हिशेबाने सहा एकर लागतील, आणि सहा एकर असते तर बिल्डरने एवढ्यात तिथे तीन टॉवर उभे केले असते.

भागाकारात अडकण्यापेक्षा मुंबई पोर्ट ट्रस्टचे उदाहरण द्यावे. तिथल्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी कर्मचाऱ्यांना हाताशी धरून, स्वयंपाकघरातलाच कचरा तिथेच जिरवून बाग फुलवली. सगळे माना डोलावतील. स्वयंपाकघरातली माणसे तिथे रोज कामावर येत असत, हा तपशील मात्र सांगू नये. त्याने रविवारच्या बागेचे खच्चीकरण होते.

वजन आणि गळती

पहिला अडथळा मातीचा. वापरात असलेल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानकानुसार दर चौरस मीटरला साधारण दीडशे किलो भार धरतात. एक फूट जाडीची ओली माती तेवढ्याच जागेत साडेचारशे-पाचशे किलो भरते. त्यामुळे गच्चीवर शेतातली माती पसरायची नसते. दोनशे लिटरचे निळे पिंप मधोमध कापून त्याची दोन भांडी करावीत, तळाला भोके पाडावीत, आत सुके पान, नारळाच्या शेंड्या, उसाची चिपाडे दाबावीत आणि वर चार बोटे खत-मातीचा थर द्यावा. पिंपे शक्यतो खांब-तुळयांवर येतील अशी ठेवावीत. आठ-पंधरा दिवसांत पालापाचोळा निम्म्याने खचतो. तो खचला की कोणीतरी चोरला, असा आरोप करू नये. पुन्हा भरावा.

सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाशी बोलताना 'पाणी' हा शब्द जपून वापरावा. त्यांचे छत बागेच्या आधीही दर पावसाळ्यात गळतच होते. पण तेव्हा ती गळती बिल्डरची, काळाची, नशिबाची होती. पहिले पिंप वर चढले आणि गळतीला एकदम मालक मिळाला. त्यांच्या बेडरूमच्या छतावर ओलीचा जो नकाशा उमटला आहे, तो पाहायला बोलावतील तेव्हा जावे, चहा घ्यावा, नकाशाखाली उभे राहून गंभीरपणे वर बघावे. पिंपांखाली विटा लावून ती सहा इंच उचलावीत, म्हणजे पाणी वाहून जाते आणि शेवाळ धरत नाही. हा उपाय खरोखर उपयोगी आहे. भांडणावर त्याचा काहीही परिणाम होत नाही.

पोशाख

कापडी टोपी, फुलाफुलांचे हातमोजे, कंबरेला बांधायचा खिशांचा पट्टा, त्यात लहान खुरपे. हे सर्व एका खोक्यात ऑनलाइन मिळते. पहिल्या रविवारी हे घालून आल्यावर दिसेल, की पिंपे जिन्याने वर चढवत असलेले वॉचमनमामा नुसत्या हातांनी काम करत आहेत. त्यांना मोजे देऊ करावेत. ते "राहू द्या ताई, बोटाला माती कळाया पायजे" असे म्हणतील. हे वाक्य मनात टिपून घ्यावे आणि पुढच्या रविवारी नव्या स्वयंसेवकांना आपले म्हणून ऐकवावे.

मामांचे गाव जालन्याकडे. तिथे त्यांची दोन एकर कोरडवाहू आहे. गच्चीवर एवढ्या हौसेने माती चढताना पाहून त्यांना एकदा राहवले नाही. म्हणाले, "गावाकडं माती हाय, पाणी नाही. हितं पाणी हाय, तर माती लिफ्टनं आणावी लागती." यावर सर्वांनी हसावे. मामा हसले नाहीत, याकडे लक्ष देऊ नये.

अमृतजल

बागेचा खरा संस्कारविधी हा. एक किलो ताजे शेण, एक लिटर गोमूत्र, पन्नास ग्रॅम काळा गूळ, दहा लिटर पाणी. तीन दिवस, दिवसातून दोन-तीनदा, बारा वेळा एका दिशेने आणि बारा वेळा उलट्या दिशेने ढवळायचे. चौथ्या दिवशी दहापट पाणी मिसळून झाडांना द्यायचे. गुळावर जिवाणू वाढतात, ते पालापाचोळा झपाट्याने कुजवतात. त्यात चमत्कार काही नाही. शहरातल्या स्वयंसेवकाला जड जाते ती 'ताजे' ही अट. ऑनलाइन शेण मिळते, पण ते गोवऱ्यांच्या रूपात, सहा नगांच्या पाकिटात, शुभेच्छापत्रासह. ताज्यासाठी तबेला गाठावा लागतो आणि येताना लिफ्ट वापरावी लागते. लिफ्टमध्ये शेण नेता येईल काय, या मुद्द्यावर उपविधीत स्पष्टता नाही. सेक्रेटरी परवानगी देतील, पण लेखी देणार नाहीत.

ढवळणे हे काम ज्येष्ठांना द्यावे. मोजताना अकरा झाले की बारा, यावरून दोन निवृत्त अधिकाऱ्यांत वाद होईल. दोघेही बँकेतले असल्यास तो लवकर मिटणार नाही. तेवढ्या वेळात मिश्रण आवश्यकतेपेक्षा कितीतरी अधिक ढवळून होते आणि उत्तम तयार होते.

कोथिंबीर

सुरुवात मेथीने करावी, असे सगळी पुस्तके सांगतात. मेथी चार दिवसांत उगवते आणि महिन्याभरात उपटता येते, त्यामुळे ती नवशिक्याला फार चढवते. माणूस कसा आहे हे कळायचे असेल तर त्याला कोथिंबीर लावायला द्यावी.

वाण्याकडचे धने घ्यावेत, भाजलेले नकोत. वर्तमानपत्रावर पसरून त्यावर चपलेचा तळवा हलक्या हाताने फिरवावा. एका धन्यात दोन बिया असतात, त्या सुट्या व्हायला हव्यात. जोर जास्त झाला तर धनेपूड होते. ती घरी न्यावी. फुटलेले धने रात्रभर भिजवून ओळीत पेरावेत, वर अर्धा इंच खत भुरभुरावे आणि पाणी झारीने द्यावे, नळीने देऊ नये. नंतर वाट बघावी. आठ दिवस, थंडीत बारासुद्धा.

हे शेवटचे वाक्य कोणीही वाचत नाही. चौथ्या दिवशी पिंपापाशी एक स्वयंसेवक वाकलेला दिसतो. तो बोटाने माती बाजूला करून धना बाहेर काढतो, उजेडात धरतो, त्याला मोड फुटला आहे की ते धन्याचे देठ आहे याचा विचार करतो, मोबाइलवर फोटो काढून गटावर टाकतो, सात जणांची मते मागवतो आणि धना पुन्हा पुरतो. संध्याकाळी दुसरा स्वयंसेवक तोच धना उकरतो. सहाव्या दिवशी सर्वानुमते बियाणे खराब ठरते, वाण्याच्या नावाने बोटे मोडली जातात. सातव्या दिवशी रात्री मामा गस्तीला वर येतात, उरलेले धने पुन्हा पेरतात, ओळींवर ओले गोणपाट टाकतात आणि काही न बोलता खाली जातात. पंधराव्या-सोळाव्या दिवशी हिरवी रेघ दिसते. त्या दिवशी आपल्या हाताला गुण आहे, असे म्हणायला विसरू नये.

पाणी घालण्याचे वेळापत्रक

या बाबतीत प्रगतीला खूप वाव आहे. सोमवार ते शनिवार प्रत्येकी दोन नावे, रविवारी सर्वजण, असा तक्ता करून गटावर टाकावा. प्रत्येकाने त्यावर अंगठा दाखवावा. पहिल्या आठवड्यात सोमवारी चौघे येतात, कारण दुसऱ्यांवर कोणाचाच विश्वास नसतो. चौघेही पाणी घालतात. रोपे मरतात ती बहुधा याच काळात. कोवळे देठ जमिनीलगत काळे पडून रोप आडवे होते. मुळांना श्वास घ्यायलाही जागा लागते, हे ऐकून लोकांना खरोखर नवल वाटते. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालून पाहावे, ओल लागली तर घरी जावे, एवढेच शास्त्र आहे. पण कॉफीचा मग हातात घेऊन वर आलेला माणूस काहीही न करता खाली जाऊ शकत नाही.

दुसऱ्या आठवड्यात सोमवारचे दोघे येत नाहीत, मंगळवारच्यांना ते कळत नाही, बुधवारच्यांपैकी एक सिंगापूरला असतो. मृगापासून हस्तापर्यंत हे खपून जाते. जुलैमध्ये तर सगळेच आपापल्या पाळीच्या दिवशी 'झाले' असे लिहितात, आणि ते खरेही असते. मे महिन्यात मात्र पिंपातल्या झाडाला दोन वेळा पाणी लागते, आणि स्वयंसेवक नेमके मे महिन्यात महाबळेश्वरला असतात. तरीही मेमध्ये बाग जळत नाही. का जळत नाही, याचा शोध घेतलेला कोणत्याही अहवालात आढळत नाही.

कीड

कीड दिसली की दोन पक्ष पडतात. एक कडुनिंबाचा, दुसरा अहिंसेचा. कडुनिंबवाल्यांनी लिटरभर पाण्यात पाच मिली तेल आणि ते मिसळण्यापुरता साबण घालून संध्याकाळी फवारावे. दुपारच्या उन्हात फवारले तर पाने करपतात. अहिंसावाल्यांनी मावा एकेक करून पेन्सिलीने दुसऱ्या पानावर नेऊन ठेवावा. दोन्ही पक्ष मिळून एक गोष्ट हमखास करतात. पानावर काळी, नारिंगी ठिपक्यांची, मगरीच्या आकाराची एक भयानक अळी दिसते, ती पकडून मारतात. ती ढालकिड्याची अळी असते आणि मावा खाण्याचे काम तीच करत असते. तिचे सुंदर ठिपकेदार आईबाप मात्र मुलांच्या चित्रकलेच्या वहीत मानाने बसतात.

कंपोस्टच्या टाकीत वळवळणाऱ्या जाड, मळकट अळ्या दिसल्यास किंचाळू नये. त्या काळ्या सैनिक माशीच्या. त्या कचरा खातात, चावत नाहीत, घरात येत नाहीत. टाकीला वास येत असेल तर दोष त्यांचा नसतो, ओल्याचा असतो. एक बादली ओल्या कचऱ्याला दोन बादल्या सुके पान घालावे आणि दोन दिवसांनी खालीवर करावे. सुके पान गोळा करायला कोणी तयार नसते. झाडून घेणाऱ्या ताई ते सकाळी साडेसहाला पोत्यात भरून ठेवतात, हे कळल्यावर त्यांचे आभार मानण्याचा ठराव करावा. ठराव त्यांना वाचून दाखवण्याची पद्धत नाही.

वेल, फळधारणा आणि वेळेचा प्रश्न

दुधीच्या वेलाला फुले भरपूर येतात आणि दुधी एकही धरत नाही, तेव्हा निराश होऊन कलमी वाण मागवू नये. वेलावर नर आणि मादी फुले वेगळी असतात. मादी फुलाच्या मागे अंगठ्याएवढा लवदार दुधी आधीपासूनच असतो. नराच्या मागे नुसता देठ. परागीभवन व्हायला कीटक हवेत. आठव्या-दहाव्या मजल्याच्या उंचीवर ते कमी फिरकतात, म्हणून माणसाने हे काम करावे. नर फूल तोडून, पाकळ्या मागे दुमडून, त्यातला परागाचा दांडा मादी फुलात अलगद फिरवायचा. प्रात्यक्षिक व्हिडिओत सोपे दिसते.

अडचण अशी, की दुधीचे पांढरे फूल संध्याकाळी उमलते आणि सकाळी मलूल होते. प्रात्यक्षिक रविवारी सकाळी दहाला ठेवलेले असते. पंचवीस स्वयंसेवक, दोन लहान मुले आणि ड्रोनवाला भाचा यांच्यासमोर मिटलेले फूल उघडण्याचा प्रयत्न केला जातो, पाकळ्या फाटतात, तज्ज्ञ घाम पुसतात. दोडक्याचेही तेच, त्याचे पिवळे फूल दिवेलागणीला उघडते. घोसाळे आणि भोपळा सकाळचे आहेत, पण पहाटेपासूनचे. दहा वाजता त्यांचाही दिवस संपत आलेला असतो. भाजीला रविवार कळत नाही, ही तिची मोठीच उणीव आहे आणि त्यावर विद्यापीठांनी संशोधन करायला हवे. तोवर प्रात्यक्षिक रविवारी घ्यावे आणि त्या आठवड्यात दुधी धरल्यास श्रेय प्रात्यक्षिकाला द्यावे. संध्याकाळी सातला वर कोण असतो, हा प्रश्न इथे गैरलागू आहे.

भेंडीचेही असेच आहे. फूल पडल्यापासून पाच-सहा दिवसांत भेंडी तोडायला येते, एक दिवसाआड तोडावी लागते. टोक अंगठ्याने दाबल्यावर कडकन मोडले पाहिजे. रविवारी रविवारी तोडणाऱ्यांच्या वाट्याला वीतभर लांबीच्या, आतून दोर झालेल्या भेंड्या येतात. अशा भेंड्यांचे फोटो फार छान येतात. त्यांचे भरीत, सूप, लोणचे करून पाहणाऱ्या गृहिणींनी नंतर त्यांवर रंग लावून त्याची तोरणे केली आहेत.

वाटप आणि संशय

पहिल्या सुगीला बहुधा अकरा भेंड्या, एक दुधी आणि दोन मुठी लाल माठ निघतो. कुटुंबे चोवीस. चिठ्ठ्या टाकाव्यात. दुधी ज्याला मिळेल त्याने वाटून घ्यावा अशी अपेक्षा व्यक्त करावी, सक्ती करू नये. भाजी हाती आल्यावर बाजारभावाशी तुलना करण्याचा मोह आवरावा. कोकोपीट, पिंपे, ठिबकच्या नळ्या, टोप्या आणि पट्टे धरून एका भेंडीचा भाव काढणाऱ्या माणसाला पुढच्या वर्षी समितीत घेतात.

कोवळ्या भेंड्या रविवारपर्यंत टिकत नाहीत, हे लक्षात आल्यावर 'चोरी' हा शब्द गटावर प्रथम दबक्या आवाजात येतो, मग मोठ्या अक्षरांत. सीसीटीव्हीचा विषय निघतो. कॅमेरा जिन्याच्या दाराशी असतो आणि गच्चीचा निम्मा भाग त्यात दिसतो. हे फुटेज पाहू नये, असा आमचा कळकळीचा सल्ला आहे. तरी समिती ते पाहतेच. त्यात आठवडाभराच्या संध्याकाळी दिसतात. मामा बादल्या घेऊन वर येतात. वेलाशी बॅटरी तोंडात धरून काहीतरी करतात. तण काढतात, वाकलेल्या टोमॅटोला काठी देतात, मंगळवारी आणि गुरुवारी भेंडी तोडतात. तोडलेल्यांतली काही पिंपाच्या कडेला ठेवतात, चार शर्टाच्या खिशात घालतात. कडेला ठेवलेली भेंडी सकाळी चालायला आलेले समितीचेच एक सदस्य उचलताना दिसतात. तिथे व्हिडिओ थांबवून चहा मागवावा.

यानंतर गच्चीची किल्ली मामांकडून काढून सेक्रेटरींकडे देण्याचा ठराव होतो. चर्चा चार भेंड्यांवर होते, पाण्याच्या बादल्यांवर होत नाही. ठरावाला कोणाचा वैयक्तिक रोख नाही, असे इतिवृत्तात लिहून घ्यावे. पुढचे तीन आठवडे वेळापत्रक नव्याने करावे, त्याला रंग द्यावेत, ज्यांनी अंगठा दाखवला नाही त्यांना फोन करावेत. कोथिंबीर पिवळी पडली तर हवामानबदलावर एक छोटे भाषण ठेवावे. दुधीचे धरलेले फळ बोटाएवढे होऊन गळाले तर बोरॉनची कमतरता आहे, असे म्हणावे. बोरॉन म्हटले की कोणी पुढे विचारत नाही.

चौथ्या आठवड्यात किल्ली 'सुरक्षेच्या दृष्टीने' मामांना परत द्यावी. किल्ली देताना सोबत कोणीतरी असावे आणि कोणी काही बोलू नये. मामा ती घेऊन खिशात टाकतील आणि विचारतील, "मेथी पेरायची का आता? दिस बरे हायत."

वर्षअखेरीस अहवाल लिहावा. त्यात एकूण उत्पन्न किलोत न देता 'वाणांची संख्या' द्यावी; ती मोठी दिसते. मुखपृष्ठावर सर्व स्वयंसेवकांचा टोप्यांसह फोटो घ्यावा. फोटो मामांनीच काढलेला असेल, त्यामुळे ते त्यात नसतील. वार्षिक सभेत 'इतर खर्च' या सदराखाली मामांच्या दिवाळीच्या पोस्तीत शंभर रुपयांची वाढ सुचवावी. ठराव मंजूर होतो. विरोधात एकच मत पडते, सर्वांत वरच्या मजल्यावरचे. तेही मामांच्या विरोधात नसते, पाण्याच्या विरोधात असते.